३१ आणि १, दोन्ही विषम

पुण्याच्या पेठांमध्ये रोज दुचाकी लावणाऱ्या माणसाला तारीख विचारण्यासाठी कॅलेंडर लागत नाही. विषम तारखेला ‘पी १’ची पाटी असलेल्या बाजूला आणि सम तारखेला ‘पी २’च्या बाजूला गाडी लावायची, आणि यात चूक झाली की टोइंगवाल्यांच्या मागे धावायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. मी याच शहरात वाढले, वाहतूक नियोजनाचे रीतसर शिक्षण घेतले आणि एका सल्लागार संस्थेत पेठांतील रस्त्यांच्या आराखड्यांचेच काम करते. तरीही २०२३ च्या मार्चमध्ये पार्किंगच्या पाहणीच्या तारखा ठरवताना मी जी चूक केली, ती या रस्त्यांवरच्या कुठल्याही पेपरवाल्या मुलाच्या हातून झाली नसती.

काम लक्ष्मी रस्त्याला येऊन मिळणाऱ्या एका एकेरी बाजाररस्त्याचे होते. रस्त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्यांचा उल्लेख येणार आहे त्यांचे दुकान त्यावरून लगेच ओळखता येईल. दोन्ही बाजूंचे पदपथ सलग आणि चालण्याजोगे करायचे आणि त्यासाठी एका बाजूचे पार्किंग कायमचे काढायचे, असा आमचा प्रस्ताव होता. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ होऊन बरीच वर्षे झाली होती. शहरासाठी रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्येच तयार झाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून महापालिकेने पादचारी दिनही साजरा केला होता. कल्पना नवी नव्हती. पण पार्किंगचा विषय निघाला की पुण्यात किती विरोध होतो, हे २०१८ च्या पार्किंग धोरणाच्या वेळी सर्वांनी पाहिले होते. व्यापाऱ्यांचा आक्षेप एका वाक्याचा होता आणि प्रत्येक बैठकीत तो त्याच शब्दांत ऐकू येई : “गाडी लावायला जागा नसेल, तर गिऱ्हाईक येणार नाही.”

या वाक्याला उत्तर द्यायचे तर जागा वापरते कोण, हे मोजायला हवे होते. चालणाऱ्यांची अवस्था मोजून झालेली होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मानकांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि दुकानांच्या समोर तर साडेतीन ते साडेचार मीटर. आमच्या रस्त्यावर एका ठिकाणी विजेचा डीपी बॉक्स आणि दुकानाची पुढे आलेली पायरी यांच्यामध्ये टेप धरला, तेव्हा ६० सेंटीमीटर भरले. मंडईतून दोन पिशव्या घेऊन येणाऱ्या बाईला तिथून आडवे होऊनच जावे लागे. म्हणून ती पदपथावर चढतच नसे आणि लावलेल्या गाड्या व धावत्या रिक्षा यांच्यामधल्या पट्ट्यातून चालत राही.

पार्किंगच्या पाहणीची पद्धत साधी आणि कंटाळवाणी असते. रस्त्याचे छोटे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्यावर एक विद्यार्थी उभा करायचा आणि दर अर्ध्या तासाने त्याने रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत प्रत्येक गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तक्त्यात लिहायचे. सकाळी ९ ते रात्री ९, म्हणजे २५ फेऱ्या. ओळीत तोच आकडा किती रकान्यांपर्यंत टिकतो, त्यावरून गाडी किती वेळ उभी होती ते कळते. अर्ध्या तासाने गाडी बदलत गेली तर त्याच जागेवर दिवसभरात २४ जणांची सोय होते, आणि न बदलली तर एकाची. जागा कमी आहे की अडलेली आहे, हा फरक या तक्त्यातूनच दिसतो. नुसत्या गाड्या मोजून तो दिसत नाही.

दोन्ही बाजूंची माहिती हवी म्हणून मी लागोपाठचे दोन दिवस घेतले, एक विषम आणि एक सम. मार्चअखेरीच्या बिलात पाहणी दाखवायची असल्याने पहिला दिवस ३१ मार्चच्या आत असणे भाग होते. शुक्रवार आणि शनिवार बाजाराचेही दिवस, म्हणून ३१ मार्च आणि १ एप्रिल. वेळापत्रक तीन जणांच्या टेबलांवरून फिरून सहीसह परत आले. ३१ नंतर १ येते आणि दोन्ही विषम आहेत, हे तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

पहिल्या दिवशी ऊन रणरणत होते. विद्यार्थ्यांना आलटूनपालटून सावलीत बसवावे लागले आणि रसवंतीचे बिल पाहणीच्या खर्चात कोणत्या शीर्षाखाली घालायचे यावर नंतर माझा हिशेबनिसांशी वादही झाला. त्या दिवशी एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरली. सकाळी साडेनऊपर्यंत, म्हणजे बहुतेक शटर वर जाण्याआधीच, पार्किंगची रांग जवळजवळ भरली होती. या गाड्या मेन स्टँडवर, एकमेकींना खेटून, हँडल लॉक करून लावलेल्या होत्या. अकरानंतर येणाऱ्या गाड्या मात्र साइड स्टँडवर तिरक्या, जिथे फट दिसेल तिथे घुसवलेल्या, आणि त्यांतल्या कितीतरी पदपथावर चढलेल्या. सकाळच्या रांगेतल्या एका करड्या अ‍ॅक्टिवाच्या सीटवर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा दोरीने बांधलेला होता. अर्ध्या तासासाठी आलेला माणूस सीट तापू नये म्हणून पुठ्ठा बांधत नाही. तेव्हा हे मी वहीत टिपून ठेवले, पण त्याचा अर्थ पुरता लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पी २’च्या बाजूला उभे केलेले विद्यार्थी मोकळ्या रस्त्याकडे पाहत राहिले. त्यांच्यातल्या एकीने मला फोन केला, “मॅडम, इकडे गाड्याच नाहीत. सगळ्या कालच्याच बाजूला लागल्यात.” मी तिला जवळजवळ ओरडून सांगितले की आज एक तारीख आहे, सम-विषम… आणि वाक्य तिथेच तुटले. वर्षात ३१ दिवसांचे महिने सात, लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतर येणारी १ मार्च हा आणखी एक प्रसंग. इतक्या वेळा हा घोळ होतो आणि पेठेतला माणूस त्याला सरावलेला असतो. मला पाहणी रद्द करायची होती. पण मुलांचे मानधन ठरलेले होते आणि ती उन्हात येऊन उभी राहिली होती. त्याच बाजूचा तक्ता पुन्हा भरा, असे मी सांगितले. खरे तर त्यामागे विचार काही नव्हता. दिवस वाया गेला असे लिहून द्यायची लाज वाटत होती, इतकेच.

दुपारी तीच मुलगी तक्ता घेऊन माझ्याकडे आली आणि संकोचून म्हणाली, “मॅडम, मी कालचाच कागद उतरवून काढते आहे असं वाटतंय.” दोन्ही दिवसांचे कागद आम्ही एका दुकानाच्या ओट्यावर शेजारीशेजारी ठेवले. सकाळच्या फेऱ्यांचे आकडे बहुतांश तेच होते आणि मोठ्या भागात त्यांचा क्रमही तोच होता. पुठ्ठ्याची अ‍ॅक्टिवा काल जिथे होती तिथेच, तिच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांसह. नेहमीप्रमाणे सम आणि विषम असे दोन दिवस घेतले असते, तर हे आकडे दोन वेगळ्या बाजूंच्या दोन वेगळ्या तक्त्यांत गेले असते, दोन वेगळ्या आलेखांत मिसळले असते आणि कोणी ते एकमेकांशी ताडून पाहिले नसते.

कापडाच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळा रस्ता काका म्हणतो आणि जे आमच्या प्रस्तावाचे सर्वांत कडवे विरोधक होते, ते ओट्यावरचे हे उद्योग आतून पाहत होते. त्यांनी बाहेर येऊन काय चालले आहे ते विचारले. मी टाळाटाळ केली असती, पण कागद त्यांच्याच ओट्यावर होते. काकांनी चष्मा चढवला, खिशातले पेन काढले आणि एकही गाडी न पाहता आकड्यांसमोर खुणा करायला सुरुवात केली. “हा पलीकडच्या सराफाच्या कारागिराचा. हा आमच्या काउंटरवरच्या मुलाचा. हा डॉक्टरांच्या कंपाउंडरचा. ही वरच्या क्लासच्या बाईंची.” जवळजवळ प्रत्येक गाडी ते ओळखत होते, तीस वर्षे दुकानाच्या दारात बसल्यावर रस्ता असा पाठ होत असावा. एका आकड्यावर पेन थांबले. “ही माझी,” ते म्हणाले आणि तिथेही खूण करून पुढच्या ओळीकडे वळले. खुणा झाल्यावर सकाळच्या रकान्यांत मोकळे आकडे अगदी थोडे उरले. गिऱ्हाइके होती ती दुपारनंतरच्या रकान्यांत, तिरक्या लावलेल्या, पदपथावर चढलेल्या गाड्यांमध्ये.

माझ्या मनात विजयाची भावना आली, हे मान्य केले पाहिजे. ज्या जागेसाठी गिऱ्हाइकांच्या नावाने भांडण चालले होते, ती गिऱ्हाइकांना मिळतच नव्हती. मी तसे बोललेही. वर गणपतीत दहा दिवस कोपऱ्यावर मांडव पडतो तेव्हा तिथले पार्किंग बंदच असते आणि तरी त्याच दिवसांत तुमची विक्री जोरात असते, हेही सुनावले. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी आत हाक मारून अ‍ॅक्टिवाच्या मालकाला, तिशीतल्या एका विक्रेत्याला, बाहेर बोलावले आणि मला म्हणाले, “हा धायरीहून येतो. दुकान बंद करून निघतो तेव्हा रात्रीचे साडेनऊ होतात. तुमच्या नकाशात ह्याची गाडी कुठं आहे तेवढं दाखवा.”

नकाशा माझ्या पिशवीत होता, पण मी काढला नाही. त्यात झाडे होती, बाके होती, माल उतरवण्यासाठी टेम्पोची जागा होती, दिव्यांग व्यक्तींसाठी उतार होते आणि गिऱ्हाइकांसाठी ‘मंडईजवळच्या बहुमजली वाहनतळाकडे’ असा एक बाण होता. तासाच्या हिशेबाने पैसे घेणारा वाहनतळ दोन तासांच्या खरेदीला परवडतो. रोज बारा तास गाडी ठेवणाऱ्या पगारदाराला तो बाण दाखवणे ही थट्टाच झाली असती. सकाळी बसने येता येते, असे तो विक्रेता म्हणाला. प्रश्न रात्रीचा होता. बदलीची बस चुकली की रिक्षाला दिवसाच्या कमाईतला मोठा वाटा जाई. आणि दिवसा दुकानाचे पार्सल पोचवायला हीच गाडी वापरली जाई, पेट्रोल मालकाचे. इतके सांगून तो आत गेला, कारण काउंटरवर माणसे खोळंबली होती.

अहवाल लिहिताना मी कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण केले. वाहनतळाच्या वरच्या मजल्यांवर दुचाकींसाठी सवलतीचा मासिक पास, त्याचा काही भार दुकानदारांनी उचलायचा, पार्सलांच्या गाड्यांना अर्ध्या तासाच्या राखीव जागा, आणि रस्त्यावर उरणारे पार्किंग अल्प मुदतीचे व सशुल्क. वरिष्ठांच्या हातून अहवाल परतला तेव्हा हे प्रकरण परिशिष्टात गेले होते, कारण ‘कामाच्या व्याप्तीत ते नव्हते’. मुख्य मजकुरात पदपथाची रुंदी, झाडे आणि दिवे राहिले. परिशिष्ट कोणी वाचते का, याची मला शंका आहे. काकांनी मात्र ते वाचले; त्याची झेरॉक्स मीच त्यांना नेऊन दिली होती, आणि पासच्या रकमेत दुकानदाराचा वाटा मी जरा जास्त धरला आहे, असा शेरा समासात पेनाने लिहून त्यांनी ती परत पाठवली.

सम तारखेची पाहणी आम्ही नंतर स्वतंत्रपणे पूर्ण केली. त्या कामापासून माझ्या तक्त्यात दोन रकाने वाढले आहेत : गाडी मेन स्टँडवर की साइड स्टँडवर, आणि गाडी कोणाची. दुसरा रकाना विद्यार्थ्यांकडून भरून होत नाही. त्यासाठी दुकानाच्या दारात बसणारा कोणीतरी शोधावा लागतो. आणि महिन्याच्या शेवटी काम आले, तर ३१ आणि १ या तारखा आता मी मुद्दाम मागून घेते.