काम थांबलं की हँग होणारा कॉम्प्युटर

पहिल्यांदा हँग झाला तेव्हा मी स्मरणिकेच्या चौदाव्या पानावर होतो. माउस हलवला, कर्सर जागचा हलेना. नमलॉक दाबून पाहिलं, त्याचा दिवा विझेना. पंखा फिरत होता, पडद्यावर पान जसंच्या तसं दिसत होतं, पण आतलं सगळं थिजलेलं. विंडोज कोलमडल्यावर येतो तो निळा पडदा नाही, कसलीही सूचना नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं आणि चाळीस मिनिटांचं काम गेलं.

मी सांगलीत गावभागात राहतो आणि घरीच डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम करतो. लग्नपत्रिका, हळदीच्या व्यापाऱ्यांची बिलबुकं, शाळांचे अहवाल अशी कामं असतात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्यामुळे आमच्याकडे या तारखेला फार मान आहे. एका हौशी नाट्यमंडळाची स्मरणिका माझ्याकडे होती आणि ती त्या दिवशी लोकांच्या हातात पडायलाच हवी होती. म्हणून दसऱ्याचा मुहूर्त साधून नवा कॉम्प्युटर असेंबल केला. लेक इंजिनिअरिंगला आहे, जोडणीला तीच पुढे होती.

रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, त्याला चालणारा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आणि विंडोज व फाइली साठवायला एनव्हीएमई एसएसडी, एवढं नवीन घेतलं. ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, कारण या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स असतं. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र जुन्या कॉम्प्युटरचा काढून बसवला. तो २०१२ चा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. घरात पाणी शिरायच्या आत मी तो कॉम्प्युटर माळ्यावर चढवला आणि तो वाचला. नंतर एकदाही कुरकुरला नाही. त्यामुळे या एसएमपीएसवर माझा जीव होता, भरवसाही होता.

पहिल्या आठवड्यात नवा कॉम्प्युटर पाच वेळा हँग झाला. कधी सकाळी, कधी रात्री. एकदा दिवसभर नीट चालला आणि संध्याकाळी अर्ध्या तासात दोनदा अडकला.

विंडोज आपल्या घडामोडींच्या नोंदी ठेवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिलं तर दर खेपेला लाल खुणेची एकच नोंद: कर्नल-पॉवर ४१. ती पाहून मी घाबरलो. पण ती नीट वाचल्यावर कळलं की कॉम्प्युटर रीतसर बंद न होता परत सुरू झाला, एवढंच ती सांगते. बटण दाबून बंद मीच केला होता, म्हणजे ती नोंद माझ्याच बोटाची. तिच्यातला बगचेक कोड शून्य होता. विंडोजला स्वतःला चूक सापडली असती तर तिथे आकडा आला असता. नमलॉकच्या दिव्याचंही तसंच. माउस हलतोय, दिवा लागतोय-विझतोय, पण कुठलाच प्रोग्रॅम उघडत नाही, असं असेल तर आधी एसएसडीवर संशय घ्यावा. दिवाच लागत-विझत नसेल तर दुखणं बहुतेक विंडोजच्या खाली, यंत्रात असतं. माझं दुसऱ्या प्रकारचं होतं.

लेक म्हणाली, “बाबा, आधी रॅम बघू.” कॅबिनेट उघडलं तर दोन्ही रॅम शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोनच रॅम लावायच्या असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, असं मदरबोर्डच्या पुस्तिकेतल्या चित्रात स्पष्ट दाखवलेलं होतं. शेजारी लावल्या की दोन्ही एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर जातात आणि पोटातल्या ग्राफिक्सला रॅमचा निम्माच वेग मिळतो. जागा बदलल्यावर कोरल या पानं लावायच्या प्रोग्रॅममधली जड पानं लगेच सरसर फिरायला लागली. दोन दिवस एकदाही अडकला नाही. मी नाट्यमंडळाला फोन करून सांगितलंसुद्धा, की आता काळजी नको.

तिसऱ्या दिवशी परत हँग.

मग एक्सएमपी हे रॅमच्या वेगाचं सेटिंग बंद केलं. रॅमवर छापलेला ३२०० चा वेग एक्सएमपी चालू केल्यावरच मिळतो, त्यासाठी रॅमला १.३५ व्होल्ट दिले जातात. ते बंद केल्यावर रॅम १.२ व्होल्टवर, २४०० च्या वेगाने चालू लागली. तरी हँग झाला. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर लावून ठेवला. त्याच्या चार फेऱ्या झाल्या, सकाळी चूक शून्य. बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम, नवा टाकला, एसएसडीची तब्येत पाहिली, तापमान पाहिलं. सगळं ठीक.

याच दरम्यान कॅबिनेटला हात लागला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावला आणि म्हणाला, “अर्थिंगच नाही की हो काका! तार बोर्डातच सुटलीया.” पुरानंतर वायरिंग नवं केलं होतं, पण या एका सॉकेटची अर्थिंगची तार स्क्रूतून निघाली होती. एसएमपीएसच्या तोंडाशी वीज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तिथून येणारा किंचितसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर २३० च्या साधारण निम्मे व्होल्ट उभे राहतात. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण आत कुठे फेजची तार पत्र्याला टेकली तर ती वीज जमिनीत न्यायला अर्थिंग उरत नाही. ज्यांच्या कॅबिनेटला अशा झिणझिण्या येतात त्यांनी बाकी सगळं सोडून आधी सॉकेट तपासून घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. घरात मुलं असतात, ओल्या हाताची माणसं असतात.

अर्थिंग झालं, झिणझिण्या गेल्या. त्या रात्री जेवून परत आलो तर कॉम्प्युटर पुन्हा थिजलेला.

त्या रात्री लेकीने मला वही करायला लावली. तारीख, वेळ, मी काय करत होतो आणि त्याआधी काय बदललं होतं. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तिने बजावलं. आधी आम्ही रॅमची जागा आणि बायोसची दोन सेटिंगं एकाच दिवशी बदलली होती, त्यामुळे कशाने काय झालं ते सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोळा पानांचं प्रूफ कागदावर काढून लाल पेनाने तपासत होतो. एक दुरुस्ती करायला माउस हातात घेतला तर हँग. वहीत वेळ लिहायला भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चार वाजून एकतीस मिनिटं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात नजर गेली. तिथे चार सतरा.

म्हणजे तो चौदा मिनिटं आधीच थांबला होता. मी माउसला हात लावला म्हणून हँग झाला असं मला दर वेळी वाटत होतं, म्हणून मी कोरलवर, श्रीलिपीच्या फाँटवर, माउसवरसुद्धा संशय घेतला होता. खरं तर मी मान खाली घालून प्रूफ वाचत असताना, तो नुसता बसून असताना हँग होत होता. वही चाळली, मागच्या खेपा आठवल्या. एक खेप चहाची, एक फोनची, एक जेवणाची, दोन प्रूफाच्या. फाइल छपाईला तयार होत असताना, म्हणजे प्रोसेसरवर सगळ्यात जास्त भार असताना, एकदाही नाही.

ताडून बघायला आम्ही उलटं केलं. तासभर प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून ठेवला. पंखा घोंगावला, तापमान ७२ अंशांवर गेलं, कॉम्प्युटर मजेत चालला. मग स्लीप पूर्ण बंद करून, पडद्यावर सेकंदकाट्याचं घड्याळ उघडं ठेवून त्याला एकटा सोडला. सव्वीस मिनिटांनी काटा थांबला.

आता एसएमपीएसकडे बोट जात होतं. माझी समजूत अशी, की वीज कमी पडत असेल तर ती जड कामात कमी पडेल. इथे उलटं होतं. आजचे प्रोसेसर काम नसलं की गाढ झोपतात, प्रोसेसरच्या ज्या कोअरला, म्हणजे भागाला, काम नाही तिची वीज जवळजवळ तोडतात. २०१३ साली इंटेलने हॅसवेल आणला, तेव्हापासून या गाढ झोपेसाठी प्रोसेसरच्या १२ व्होल्टच्या लाइनवर एसएमपीएसने फक्त ०.०५ अँपिअर भारातही स्थिर राहावं, अशी अपेक्षा आली. त्याआधी तो किमान भार ०.५ अँपिअर धरलेला असे, म्हणजे दहापट. जुन्या स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकत्रच सांभाळले जातात, एका बाजूचा भार एकदम उतरला की दुसरीकडचे व्होल्टही सरकतात. माझा एसएमपीएस २०१२ चा. त्याच्या जन्माच्या वेळी एवढ्या हलक्या भारावर तोल सांभाळायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

बायोसमध्ये एएमडी सीबीएस नावाच्या पानावर ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ असं एक सेटिंग सापडलं. ते ‘ऑटो’वर होतं, ते ‘टिपिकल करंट आयडल’ केलं. यात प्रोसेसर सगळ्यात गाढ झोपेत जात नाही, थोडी वीज जास्त खातो. घड्याळ उघडं ठेवून रात्री झोपलो. पहाटे पाचला उठून आधी खोलीत गेलो. काटा फिरत होता.

स्मरणिका त्याच अवस्थेत पुरी केली आणि १ तारखेला छापखान्यात दिली. मधल्या दिवसांत एकदाही अडकला नाही. पण मला खात्री करायची होती. दिवाळीची येणी आल्यावर नवा एसएमपीएस घेतला, बायोसचं सेटिंग परत ‘ऑटो’वर नेलं, एक्सएमपीही चालू केलं. एका दिवशी एकच बदल, वहीत नोंद करून. तीन रात्री घड्याळ उघडं ठेवलं. तिन्ही सकाळी काटा फिरताना दिसला.

जुना एसएमपीएस टाकून द्यायला लेक तयार नव्हती, मीही नव्हतो. त्याच्यात बिघाड नव्हताच. तो परत २०१२ च्या मदरबोर्डला जोडला, ते कॅबिनेट देवघराशेजारच्या खोलीत ठेवलं. आई आता त्यावर भजनं ऐकते. एसएमपीएसच्या पत्र्यावर लेकीने मार्करने लिहून ठेवलंय: ‘२०१२ चा. चांगला आहे. नव्या प्रोसेसरला लावू नये.’