उरलेले स्क्रू

परवा दुपारी जेवून आडवं होत लॅपटॉपवर सोव्हिएत दिग्दर्शक एल्दार रियाझानोव्हचा तो १९६६ चा सिनेमा लावला, 'बिवेअर ऑफ द कार', ज्यात एक साधाभोळा विमा एजंट फक्त लाच खाणाऱ्यांच्याच गाड्या चोरतो, विकतो आणि पैसे अनाथाश्रमांना देऊन टाकतो. आधी पाहिलेला. पण या वेळी नजर अडकली ती त्या सापळ्यावर. अस्वल पकडायचा लोखंडी सापळा, गाडीच्या मालकाने चोरासाठी गाडीतच लावून ठेवलेला, आणि आपला हिरो तो पायात अडकलेला तसाच घेऊन गाडी हाणतोय. विमा एजंट झालाय स्मोक्तुनोव्स्की, जो दोनच वर्षं आधी कोझिन्त्सेव्हच्या सिनेमात हॅम्लेट होता, आणि इथेही हौशी नाटकात हॅम्लेटच करतो. जाणकारांनी त्यावर बोलावं. मी तो सापळा दोनदा मागे घेऊन पाहिला.

ही माझी जुनी खोड आहे. रशियन सिनेमा लावला की मला माणसं कमी आणि यंत्रं जास्त दिसतात. तारकोव्स्कीच्या 'स्टॉकर'मध्ये तिघं जण रुळांवरच्या ट्रॉलीवर बसून 'झोन' नावाच्या बंदी असलेल्या गूढ भागात जातात, चाकांच्या खडखडाटाचं हळूहळू संगीत होत जातं, सगळे पार ध्यानस्थ, आणि मी विचार करतोय की ही ट्रॉली किती ॲव्हरेज देत असेल. त्याच्याच 'सोलारिस'मध्ये भविष्यातलं शहर म्हणून जे लांबच लांब फ्लायओव्हर दिसतात ते टोकियोचे. १९७२ चा सिनेमा. भविष्य हवं म्हणून जपानला जाऊन शूट करून आणलं, घरात नसलं की शेजारून आणतात तसं.

खोड मामांची, मला वाटतं. कोल्हापूरला मामांच्या माळ्यावर बोर्नव्हिटाचे डबे ओळीने, आत नट, बोल्ट, वॉशर, कशाकशातून निघालेले आणि उरलेले स्क्रू. मे महिन्याच्या सुट्टीत वाकडे खिळे सरळ करायचं काम आम्हा पोरांकडे, पाट्याच्या दगडावर ठेवून हातोडीने ठोकायचे, बोटं पण ठोकली जायची. मामी म्हणायची, "अहो, भंगारात घाला की एकदा हे सगळं." मामा वर न बघता, "असू दे, लागतंय कधीतरी." काय लागतंय आणि कधी, ते मामींना कळलं नाही आणि आम्हालाही नाही.

पण मॉस्को-लेनिनग्राडकडच्या काही लोकांना असं खरंच लागलं की. सत्तरच्या दशकात तिकडे झिगुली नावाची साधी गाडी साधारण साडेपाच हजार रुबलला, सरासरी पगार महिन्याला दीडशेच्या आतबाहेर, आणि पैसे साठले तरी नंबर लागायला वर्षं जायची. गाडी मिळालीच तर पार्क करताना वायपर काढून घरी न्यायचे, नाहीतर दुसरं कुणीतरी न्यायचं. अशात काही जणांनी गाड्या घरीच बनवायला घेतल्या. इंजिन व्होल्गा गाडीचं, बाकीचं जिथून जे मिळेल ते, वर फायबरग्लासची बॉडी. सुट्या भागांच्या पावत्या जपून ठेवायच्या, कारण रजिस्ट्रेशनच्या वेळी माल चोरीचा नाही हे दाखवायला लागायचं. 'तेख्निका मोलोद्योझी' मासिक या गाड्यांच्या रॅली भरवायचं, आणि टीव्हीवर एक कार्यक्रम होता, नावच 'हे तुम्हालाही जमेल'. उत्तरेकडच्या उख्तामध्ये कुलिगिन नावाच्या गृहस्थांनी शाळकरी पोरांना हाताशी घेऊन पांगोलिना नावाची गाडी बनवली, लॅम्बोर्गिनीसारखी चपटी, दारंच नाहीत, टपासकट वरचा भागच उघडतो, आणि मागचं दिसायला पेरिस्कोप. पाणबुडीसारखा! युरी अल्गेब्राइस्तोव्हने आपलं आणि बायकोचं, नतालियाचं, नाव जोडून गाडीला 'युना' म्हटलं. त्या बाईंनी वर्षानुवर्षं काय काय सहन केलं असेल त्याबदल्यात ही अगदीच स्वस्तातली परतफेड वाटते मला.

मजा म्हणजे सिनेमावाल्यांचं पण हेच. रशियन क्रांतीनंतर कोरी फिल्म मिळेना, तेव्हा कुलेशोव्ह नावाचा दिग्दर्शक जुन्याच फिल्म कापून जोडत बसला, मोझुखिन नावाच्या नटाचा तोच एक निर्विकार चेहरा, कधी सुपाच्या वाटीशेजारी लावला, कधी शवपेटीशेजारी, आणि लोक म्हणाले काय अभिनय केलाय. एस्फिर शुब बाईंनी तर १९२७ मध्ये झारच्या काळातल्या पडून राहिलेल्या फिल्ममधून अख्खा सिनेमाच उभा केला. आणि कालातोझोव्हच्या 'आय ॲम क्यूबा'त कॅमेरा माणसामाणसांच्या हातातून वर चढतो आणि मग तारेला लटकून रस्त्यावरून तरंगत निघतो, ड्रोन वगैरेच्या कितीतरी आधी. मामा असते तर म्हणाले असते, पुली कुठली वापरली बघ.

आता यात टंचाईचं फार कौतुक करू नये हेही खरं. रियाझानोव्हच्याच 'गॅरेज'मध्ये सुशिक्षित, संशोधक वगैरे माणसं गॅरेजच्या जागेसाठी रात्रभर कोंडून घेऊन एकमेकांची काय लाज काढतात ते बघा. नव्वदनंतर परदेशी जुन्या गाड्या धडाधड यायला लागल्या आणि हा घरी गाडी बनवायचा प्रकार बराचसा ओसरला, म्हणजे बऱ्याच जणांना कला नकोच होती, गाडी हवी होती.

पण सगळ्यांना नाही. श्चेर्बिनिन बंधूंचं काय करणार? दोघे चित्रकार. साठच्या दशकात मॉस्कोत बिल्डिंगच्या अंगणात सांगाडा वेल्ड केला, क्रेनने उचलून सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेला, तिथे घरात फायबरग्लासची बॉडी चढवली आणि मग सगळं परत क्रेनने खाली. गाडी १९६९ मध्ये तयार झाली, दिसायला देखणी. सगळे त्या भावांचं कौतुक करतात, मीही करतो. पण मला राहून राहून सहाव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं वाटतं. वरून घासाघीस, रेझिनचा तो डोक्यात जाणारा वास, आणि एक दिवस खिडकीबाहेरून खाली उतरणारी गाडी. तक्रार तरी कुणाकडे आणि काय म्हणून करायची? त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला तर मी पहिल्या दिवशी बघेन.