चिखलदऱ्याचा घाट अन् ढकललेले तीन किलोमीटर

मी काही सायकलवाला वगैरे नाही, आधीच सांगतो. आमचं खेडं परतवाड्यापासून वीसेक किलोमीटर, माझं खता-बियाण्याचं दुकान, दिवसभर खुर्चीत बसायचं अन् गिऱ्हाईक आलं की त्याच्यासोबत चहा. वय ४३, वजन ९१. मागच्या पावसाळ्यात रक्त तपासलं तर ते तीन महिन्यांच्या साखरेचं असतं ना, एचबीएवनसी, ते ६.३ निघालं. ६.५ पासून डायबिटीस धरतात, म्हणजे मी पार फाटकापाशीच उभा. डॉक्टर म्हणाले रोज चाला. पण गावात चालायला निघालं की चार पावलांवर कोणी ना कोणी थांबवते, "काऊन भाऊ, गाडी बिघडली का?" अन् झालं, अर्धा तास तिथंच.

पोरगी बारावी करून अमरावतीला गेली होती अन् तिची सायकल गोठ्यात पडून होती. ती दुरुस्तीला नेली तर मिस्त्रीच्या टपरीमागे अशाच पोरींच्या सायकली भिंतीला टेकवलेल्या, सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या. कोणाचं टायर फाटलं, कोणाची चेन लटकली. मिस्त्री म्हणे, "बाप म्हणते कापूस निघू दे मंग नेतो, अन् पोरगी जाते तीन किलोमीटर पायी." ते डोक्यात राहिलं, पण तेव्हा काही केलं नाही, खोटं कशाला बोलू.

दसऱ्यानंतर सुरू केलं. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर अन् दुसऱ्या दिवशी दुकानात बसताच येईना, खुर्चीवर उशी घेतली तर गिऱ्हाईकं हसून राहिली. मग भाच्याची २१ गिअरची सायकल मागून आणली. त्यानं एक कामाची गोष्ट सांगितली, सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल खाली गेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे, तेवढी सीट उंच. मी महिनाभर सीट खाली ठेवून चालवत होतो, गुडघे त्याच्यानंच दुखत होते. दुसरा त्रास काट्यांचा. आमच्याकडे येड्या बाभळी धुऱ्याधुऱ्यानं, पहिल्या पंधरा दिवसांत सहा पंचर. नवीन ट्यूब टाकली की दहा मिनिटांत परत बसायची. मग कळलं, आधी टायरच्या आतून फडकं फिरवायचं, काटा तिथंच रुतून असते, फडक्याला अडकते. सुलोचन लावून पाच मिनिटं वाळू द्यायचं, घाई केली की ठिगळ निघते. (सोल्यूशनला सुलोचन कोणी केलं माहीत नाही, पण आता तेच बरोबर वाटते.) अन् रस्त्यावर सोयाबीनचं कुटार पसरलेलं असलं तर उतरून जा, चेनमध्ये गुंडाळलं की अर्धा तास काढत बसा.

डिसेंबरपर्यंत ४० किलोमीटर सहज व्हायला लागले. पानठेल्यावर सहज बोलून गेलो की चिखलदरा चढून दाखवतो. ठेलेवाला म्हणे, "चढला तं किलोमीटरले रुपया देतो." बस, तिथूनच निघालं. मी म्हटलं मला नको, मिस्त्रीला दे, पोरींच्या सायकली सुधरव. वहीत नावं लिहायला लागलो, जाऊन-येऊन १०० किलोमीटर धरले, कोणी रुपया बोललं, कोणी दोन, बेरीज ८,३०० वर गेली. मला घाम फुटला, आता मागं सरता येत नव्हतं ना.

जानेवारीतला रविवार. पहाटे साडेपाचला निघालो, परतवाडा, पुढं धामणगाव गढी, तिथून घाट. घाटात अंधारात घुसायचं नाही हे पक्कं होतं, मेळघाट म्हणजे १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं, अन् लोक वाघापेक्षा अस्वलाला जास्त भेतात. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर, म्हणजे खालून सातेकशे मीटर नुसतं चढायचं. पायथ्याशी शाळेची पोरं पाहत होती म्हणून मी जोशात जड गिअरवर चढलो. मूर्खपणा. सकाळी खाल्लं काय तर चहा अन् दोन टोस्ट. सागाचं जंगल लागलं अन् पुढच्या वळणांवर हात थरथरायला लागले, डोळ्यापुढं काजवे. गुपचूप खाली उतरलो, खिशातले गूळ-शेंगदाणे खाल्ले अन् सायकल ढकलत निघालो. एक कोरकू आजोबा डोक्यावर पोतं घेऊन चालले होते. मी ढकलत होतो अन् ते तरी माझ्या पुढंच. तीन किलोमीटर असं गेलं. मग सगळ्यात हलक्या गिअरवर, बसूनच, गाणं म्हणता येईल एवढ्याच दमानं. तसं केलं तर चढते हो, आधीच तसं करायचं होतं.

वर पोचून आलूबोंडे खाल्ले, किती ते बायकोला सांगितलं नाही. उतरताना शर्टाच्या आत पेपर घातला, घामेजल्या अंगाला थंड वारा लागत नाही. ब्रेक सारखा दाबून धरायचा नाही, दाबायचा-सोडायचा, नाहीतर रिम तापते.

गावात आल्यावर मी ढकललेलं सांगून टाकलं. अन् भांडणच लागलं. एक म्हणे सायकल सोबत होती ना, मंग झालं. दुसरा म्हणे बैलगाडीत टाकून नेली असती तं? ठेलेवाल्यानं ९७ रुपये मोजून दिले, वर म्हणे, "उतारात पायडल नाही मारलं, तेही कापतो का?"

खरा घाट वसुलीचा होता. घाटात निदान वळण संपते. "उद्या या", "फोनपे बंद आहे", एकानं तर खताची जुनी उधारी काढून सांगितलं की त्यात वळती करा, म्हणजे माझेच पैसे मीच द्यायचे. कोणाला करायचं असलं तर पैसे आधी घ्या, नंतर सायकलवर बसा. मे महिन्यापर्यंत ७,४९७ जमले. मिस्त्रीनं सायकलमागे ६५० लावले, टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन, ११ सायकली निघाल्या, मजुरी त्यानं धरली नाही. उरलेल्या ३४७ मध्ये ठिगळं अन् सुलोचन शाळेत ठेवलं. साखर आता ५.९, वजन ८४.

८०० अजून बाकी आहेत. त्यातले २०० एका संत्रेवाल्याचे, मृग बहाराच्या संत्र्यांचा सौदा झाला की देतो म्हणत होता. सौदा झाला, ट्रक माझ्या दुकानापुढूनच गेला. परवा विचारलं तर म्हणे, "आता आंबिया बहाराचं पाहू."