पाच पदरांची फळी

रबर न चिकटवलेले कोरे ब्लेड, म्हणजे बॅटची नुसती लाकडी फळी, हाती आले, की मुरलेला टेबल टेनिसपटू आधी त्याची मूठ चाचपत नाही. तो ते कानाजवळ नेतो आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक करतो. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ विकत घेताना आई ज्या गांभीर्याने तो वाजवून पाही, तेच गांभीर्य त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर असते. जाड, ताठ फळीचा स्वर चढा लागतो आणि पातळ, लवचीक फळीचा खालचा. तेवढ्यावरून हे ब्लेड चेंडू झटकन फेकणार की क्षणभर धरून ठेवणार, याचा निकाल आमच्या हॉलमध्ये उभ्या उभ्या लागतो. पहिली दोन वर्षे मला त्या आवाजातले काहीही कळत नव्हते, पण चारचौघांत मान डोलवायला मी कधी चुकलो नाही.

माझे सध्याचे ब्लेड पूर्ण लाकडी आहे, पाच पदरांचे. बाहेरचे दोन पदर लिंबा नावाच्या लाकडाचे आहेत. हे नाव प्रथम ऐकले तेव्हा आपल्या कडुलिंबाचीच फळी परदेशात जाऊन परत आली असावी, अशी माझी भाबडी समजूत झाली होती. प्रत्यक्षात लिंबा हा पश्चिम आफ्रिकेतला वृक्ष आहे आणि कडुलिंबाशी त्याचे काही नाते नाही; गंमत अशी की तो आपल्या ऐन, अर्जुन, हिरडा आणि बेहड्याच्या कुळातला निघाला. मधला जाड गाभा आयूस या तिकडच्याच हलक्या लाकडाचा असतो. पदर चिकटवताना एकाचे रेषे उभे तर लगतच्याचे आडवे ठेवतात, त्यामुळे सहा मिलिमीटरच्या आतली ही फळी पिळवटत नाही आणि तरीही फटक्यासरशी किंचित वाकते. हे किंचित वाकणे, हाच खेळाडूंच्या सगळ्या चर्चेचा विषय असतो.

मध्ये काही काळ मी कार्बनचे ब्लेड वापरले. कार्बनचे म्हणायचे एवढेच, कारण नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच असावा लागतो आणि कार्बनचा धागा पदरांमधल्या चिकटथरात येतो. पण त्या कागदासारख्या थराने हाताला मिळणारी खबर पार बदलते. चेंडू फळीच्या मधोमध लागो की कडेकडे, परत जाताना तो जवळजवळ सारख्याच जोमाने जातो, आणि मागे सरून टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरक देणारा फटका, मारणाऱ्याला यापरते सुख नाही. माझी पंचाईत व्हायची ती टेबलाजवळ. समोरच्याची आखूड सर्व्हिस तितकीच आखूड परतवायची म्हटली, की चेंडू माझ्या मनाविरुद्ध चार बोटे उंच उठायचा आणि पुढच्याच क्षणी माझ्या कानाजवळून निघून जायचा. लाकडी ब्लेडवर तोच पुश, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून परतवणे, करताना चेंडू रबरात रुतल्याचे, फळीने त्याला झेलल्याचे आणि मग सोडल्याचे तळहाताला स्पष्ट जाणवते. कडेला लागला तर एक बद्द आवाज येतो आणि मुठीत बारीक थरथर उठते. चूक झाल्याचे डोळ्यांच्या आधी हाताला कळते, हे मला आवडते. समोरून आलेला जोरकस फटका नुसता अडवताना मात्र ही फळी मागे रेटली जाते, तेही खरे.

ही हाताला मिळणारी खबर सांगून दुसऱ्याला पटत नाही, हा अनुभव मी एका मित्राच्या खर्चाने घेतला. माझी स्तुती ऐकून त्याने त्याच कंपनीचे, त्याच नावाचे ब्लेड मागवले आणि आठवड्याभरात ‘हे लाकूड नव्हे, पाटा आहे’ असा शेरा मारला. शेवटी आम्ही दोन्ही ब्लेडे रबर उतरवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. माझे ८४ ग्रॅम भरले आणि त्याचे ९१. झाड काही साच्यातून ओतलेले नसते. कुठे रेषा दाट, कुठे विरळ, आणि तो फरक पाचही पदरांत साठत जातो. ‘अमुक ब्लेड फार छान’ या वाक्याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. छान असतो तो हातातला एक नग.

आवाजावरून खेळ वाचण्याची सवय तर या खेळात फार जुनी आहे, आणि तिला पहिला मोठा धक्का बसला तो आपल्या मुंबईत. १९५२च्या जागतिक स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातो यांनी जाड स्पंज लावलेली बॅट आणली. दाणेदार रबराच्या टकटकीवर कान लावून खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना तिच्यावरून चेंडू कधी आणि किती जोरात सुटला, तेच उमगेना, आणि पुरुष एकेरीचे विजेतेपद सातो घेऊन गेले. पुढे २००० साली चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० झाला, २००८मध्ये वेग वाढवणारे द्रावणयुक्त गोंद बंद झाले, २०१४पासून प्लास्टिकचा चेंडू आला. दर बदलाने फटक्यातला थोडा थोडा वेग आणि फिरक काढून घेतली, आणि ती भरून काढायला बरेच जण कार्बनकडे वळले, यात नवल नाही.

गेल्या पावसाळ्यात रबर बदलताना मी घाई केली. दमट हवेत लाकूड फुगलेले असते, आणि वॉर्निशचा पातळ हात देण्याचे मी वर्षानुवर्षे टाळलेले होते. रबर मुठीच्या बाजूने, रेषांच्या दिशेने सावकाश सोडवायचे सोडून मी ते एका कोपऱ्यातून ओढले आणि त्याच्याबरोबर लिंब्याची नखाएवढी ढलपी निघून आली. ती परत बसवली, लाकडाच्या गोंदाने चिकटवली, रात्रभर वहीखाली दाबून ठेवली, पॉलिशपेपरने घासली आणि उशिरा का होईना, वॉर्निश दिले. आता वर नवे रबर आहे आणि ती जागा कोणाला दिसत नाही. तरी फोरहँडचा चेंडू तिथे लागला की आवाज जरा बसका येतो, असे मी शपथेवर सांगतो. मित्राने ब्लेड कानाशी धरून तीनदा वाजवून पाहिले आणि ‘काही फरक नाही’ म्हणून माझ्या हातात परत दिले.