परांचीवरचे अडतीस दिवस

जुलै २०२४चा शेवटचा आठवडा. प्राप्तिकर रिटर्नची ३१ तारीख तोंडावर आली की नाशिकच्या माझ्या ऑफिसात जिन्यापर्यंत माणसं बसलेली असतात. त्या गर्दीत नवरा-बायको आणि त्यांचा विशीतला मुलगा आले. वडील एका सोसायटीत वॉचमन. शैक्षणिक कर्जाच्या कागदांत मुलाचंही रिटर्न जोडा, असं बँकेत सांगितलं होतं. "मॅडम, याचं उत्पन्न काहीच नाही, निल भरून द्या," वडील म्हणाले. पाच मिनिटांचं काम, म्हणून मी त्यांना आधी आत घेतलं.

पॅन टाकला, त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला आणि एआयएस उघडलं. आपल्या पॅनवर वर्षभरात कोणी काय व्यवहार कळवला, ते सगळं तिथे दिसतं. या मुलाच्या नावावर एका बांधकाम ठेकेदाराने ४,८४,५०० रुपये दाखवले होते. प्राप्तिकर कायद्याचं तेव्हाचं कलम १९४सी, म्हणजे कंत्राटापोटी दिलेली रक्कम. एकूण ५१ नोंदी, प्रत्येक नोंद ९,५०० रुपयांची. त्यावर एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, ४,८४५ रुपये, सरकारजमा झालेला.

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मी सुट्टीत तिथे रंगकामाला बिगारी म्हणून जात होतो. पाचशे रुपये हजेरी. शनिवारी रोख मिळायचे."

"आणि पॅन कशाला दिलास?"

"साइटच्या पाससाठी आधार-पॅनची झेरॉक्स लागते म्हणाला मुकादम. सगळ्यांनीच दिली."

एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले, तर धंद्याच्या हिशेबात तो खर्च धरत नाहीत. म्हणून आकडा ९,५००. नोंदी एप्रिलपासून फेब्रुवारीपर्यंत पसरलेल्या, त्यात कॉलेज चालू असलेले महिनेही आले. ठेकेदार ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर या एका मुलाच्या नावावरच्या खोट्या खर्चाने त्याचा जवळपास १,४०,००० रुपये कर वाचत होता, तोही ४,८४५ रुपये भरून. अशा किती झेरॉक्स त्या मुकादमाकडे असतील, या विचाराने माझ्या पोटात कालवलं.

ठेकेदाराच्या अकाउंटंटला फोन लावला. आवाजात जराही संकोच नव्हता. "मॅडम, टीडीएस भरलाय ना आम्ही? रिटर्न भरा, कर काही लागणार नाही, उलट रिफंड मिळेल पोराला. तक्रार कसली?"

स्पीकर चालू होता. वडिलांनी ऐकलं. "खरंच मिळतील पाच हजार? मग घेऊन टाकू की, मॅडम." त्यांना मी दोष देत नाही. कर लागणार नाही हे खरंच होतं. पण तो रिफंड घ्यायचा म्हणजे ४,८४,५०० रुपये आपलं उत्पन्न म्हणून आपणच लिहून द्यायचं. कर्जावरच्या व्याज-अनुदानाला तेव्हा कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत लागायचं. म्हणजे तो दरवाजा आपल्याच हाताने बंद.

एवढ्यावरच ते संपलं नाही. एका कागदावर सही हवी होती. सही करताना मुलाने मनगट वळवलं नाही, सगळा कागदच तिरका केला. विचारलं तेव्हा कळलं. १४ जून २०२३ला तो परांचीवरून पडला आणि उजवं मनगट मोडलं. मुकादमाने मोटरसायकलवर घरी सोडलं, हातात २,००० रुपये ठेवले. नंतर कोणी फिरकलं नाही. हात जोडला गेला, पण पूर्ण वळत नाही.

आता त्या १९४सीचा दुसरा अर्थ दिसायला लागला. कागदावर हा मुलगा कामगार नव्हताच, छोटा कंत्राटदार होता. कामगार नाही म्हटलं की पीएफ नाही, ईएसआय म्हणजे कामगार विमा नाही, अपघाताची भरपाई नाही. तेव्हा लागू असलेल्या १९२३च्या भरपाई कायद्यात रोजंदारीवरचा हंगामी माणूसही यायचा आणि दाव्याला अपघातापासून दोन वर्षांची मुदत होती, म्हणजे अजून वेळ होता. पण रिफंडसाठी स्वतःला कंत्राटदार म्हणवून घेतल्यावर त्याच तोंडाने मी मजूर होतो असं कसं सांगणार?

"कामावर होतास याचा काही पुरावा?" हजेरी मुकादमाच्या वहीत, पैसे रोख. मुलगा गप्प बसला. आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती उठली, "येते मी," म्हणाली आणि गेली.

तासाभराने परत आली ती दोन घड्या घातलेली पानं घेऊन. मे आणि जून २०२३, भिंतीवरच्या कॅलेंडरची. वर्ष संपल्यावर स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरलेली. मेच्या पानावर तेलाच्या डब्याचा गोल डाग होता. प्रत्येक चौकोनात दुधाचा हिशेब, अर्धा लिटर, एक लिटर, आणि त्याखाली बारीक अक्षरात ५००. २ मेपासून. रविवार मोकळे. पहिल्या शनिवारी '२५०० दिले', पुढच्या शनिवारी '३००० दिले'. १४ जूनच्या चौकोनात '५००' आणि खाली 'हात, दवाखाना'. पुढे नुसतं दूध.

मी दोनदा मोजलं. अडतीस. १९,००० रुपये.

"लिहून ठेवायची सवय आहे, ताई. दुधवाला फसवतो," ती म्हणाली.

रोख मिळाले म्हणून ते उत्पन्न नाही असं होत नाही, त्यामुळे रिटर्नमध्ये १९,००० दाखवले. एआयएसमध्ये त्या नोंदींवर 'माहिती पूर्णपणे बरोबर नाही' असा अभिप्राय नोंदवला. तो कळवणाऱ्याकडे पडताळणीला जातो आणि त्याचं उत्तर काय आलं, तेही त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून दिसायला लागलं होतं. टीडीएसचे ४,८४५ रुपये आम्ही मागितले नाहीत. वडिलांना ते जड गेलं, पण मुलाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्या ओळखीच्या कामगार वकिलांकडे पाठवलं. दवाखान्याच्या केसपेपरवरची तारीख १४ जूनच होती, चौकोनाशी जुळणारी. दोन्ही पानं प्लास्टिकच्या कव्हरात घालून वकिलांनी फाइलला लावली. जायच्या आधी आईने एक झेरॉक्स मागून घेतली. तेलाचा डाग तिच्यात काळाकुट्ट उमटला होता, पण त्याच्या आतलं ५०० नीट वाचता येत होतं.