लॅमिंग्टन रोडची फेरी: दोन सॉकेट, चोवीस स्लॉट आणि एक ‘पी’

आधी रविवारचं सांगून टाकतो. रविवारी लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईच्या कम्प्युटर बाजारात, जाऊ नका, बहुतेक शटर खालीच असतात. आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तरी अकराच्या आत पोचून उपयोग नाही. दुकानदार अगरबत्ती लावत असतो आणि पोऱ्या काल परत आलेल्या पार्सलांवरचे टेप सोलत असतो.

आम्ही मंगळवारी गेलो, मी आणि माझा भाचा. तो नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी हवेच्या आणि पाण्याच्या प्रवाहाची गणितं करून देतो. पंपाच्या पात्याभोवती पाणी कसं फिरेल, भट्टीच्या धुरांड्यात हवा कुठे अडकेल, अशी कामं. त्यासाठी ओपनफोम नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. त्याच्या साध्या डेस्कटॉपवर एक केस, म्हणजे असं एक गणित, रात्रभर चालते आणि सकाळी कळतं की सीमेवरची एक अट चुकली होती. म्हणून त्याच्या डोक्यात दोन प्रोसेसरचा वर्कस्टेशन बोर्ड, म्हणजे जड कामांच्या कम्प्युटरचा मदरबोर्ड, बसला होता. मला सोबत नेलं ते अनुभवाच्या नावाखाली. १९९९ साली अबिट कंपनीचा बीपी६ बोर्ड आला, तेव्हा मी याच रस्त्यावरून तो घेतला होता. त्यात दोन सेलेरॉन प्रोसेसर बसायचे, जे इंटेलने जोडीने चालवायला विकलेच नव्हते. घरी आणून विंडोज ९८ टाकलं तर दुसरा प्रोसेसर नुसता गरम होत बसला, कारण ९८ला दोन प्रोसेसर कळतच नाहीत. तो वेडेपणा घरात अजून निघतो.

नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास मिळते. पासवाल्यांच्या डब्यात चढू नका. तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि ते हसतहसत उठवतात. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल घ्यायची. फास्ट पकडलीत तर ती ग्रँट रोडला थांबत नाही, मुंबई सेंट्रलला उतरून पाय तोडत यावं लागतं. ग्रँट रोडला पूर्वेला बाहेर पडलं की समोरच मेरवानची बेकरी असायची, १९१४ सालची. तिथले मावा केक दुपारपर्यंत उरतीलच असं नसायचं. पत्ता शोधताना फोनवर ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ दिसला तर गोंधळू नका, तोच लॅमिंग्टन रोड. नव्या नावाने त्याला फक्त पोलीस ठाणं आणि पोस्टमन ओळखतात.

पहिल्या तासात एक गोष्ट कळली: खालच्या दुकानांत हा बोर्ड मिळत नाही. तिथे गेमिंगचे रंगीत खोके रचलेले असतात. “डुअल सॉकेट” (प्रोसेसर बसवायच्या दोन जागा) म्हटलं की काउंटरवरचा माणूस आत हाक मारतो, आतला फोन लावतो आणि फोनवरचा म्हणतो, ऑर्डरपर. दोन सॉकेटचं काम करणारे लोक वरच्या मजल्यांवर बसतात. अरुंद जिना, लिफ्टवर ‘बंद है’, आणि वर दोन टेबलांची खोली. ते कंपन्यांना सर्व्हर जुळवून देतात. फोन करून, काय हवं ते आधी लिहून पाठवून गेलात तर ते बसवून बोलतात. न सांगता गेलात तर चहा मिळतो, उत्तर मिळत नाही.

आम्ही कळवून गेलो होतो, आणि नशिबाने एका ठिकाणी दुसऱ्या कुणाच्या तरी ऑर्डरचा गिगाबाइट एमझेड७३-एलएम० उघडून ठेवलेला होता. एएमडीच्या एपिक ९००४ या सर्व्हरच्या प्रोसेसरांसाठीचा, एसपी५ सॉकेटचे दोन चौक. भाच्याने हातसुद्धा पाठीमागे बांधून घेतले होते, देवळात उभा असल्यासारखे. एकेका सॉकेटमध्ये ६०९६ टोकं. वरचं काळं प्लास्टिक काढल्यावर ती बारीक सोनेरी गवतासारखी दिसतात, आणि एखादं जरी वाकलं तर मेमरीचा एखादा चॅनल, म्हणजे रॅम ते प्रोसेसर हा रस्ता, गायब होऊ शकतो. दोन्ही सॉकेटच्या दोन्ही बाजूंना रॅमचे सहा-सहा स्लॉट, म्हणजे एकूण चोवीस. बोर्डाचा निम्मा संसार रॅमनेच व्यापलेला. साउंडचं छिद्र नाही, यूएसबी मोजकेच, आणि मॉनिटर जोडायचा व्हीजीएचा जुना निळा पोर्ट पाहून भाचा म्हणाला, “मामा, हा तर तुमच्या काळातला.” तो दुरून बोर्ड सांभाळणाऱ्या वेगळ्या चिपचा असतो. मशीन बंद असलं तरी नेटवर्कवरून त्याला चालू करता येतं.

आता खरा मुद्दा. दोन प्रोसेसर म्हणजे दुप्पट वेग, असं समजून बरेच जण इथे येतात. वर बसणारे विक्रेते तो समज मोडत नाहीत, का मोडावा? पण हे एक मोठं घर नाही, एका भिंतीची दोन घरं आहेत. प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची रॅम असते. शेजारच्याच्या रॅममधून काही हवं असलं तर मधल्या बोळातून जावं लागतं, आणि तिथे वेळ जातो. व्हिडिओ एडिटिंग, फोटोशॉप, गेम यांना या बोळाचा त्रासच होतो. तुमचं काम ते असेल तर एका सॉकेटचा थ्रेडरिपर (एएमडीचाच वर्कस्टेशन प्रोसेसर) घ्या आणि उरलेल्या पैशांत एसी बसवा.

भाच्याचं काम वेगळं आहे. त्याच्या गणितात जागेवर आखलेल्या जाळीचे तुकडे करून प्रत्येक कोअरला, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या प्रत्येक भागाला, आपापला तुकडा देता येतो, आणि कोअर आपल्याच घरातली रॅम वापरतो. शिवाय हे काम कोअरच्या संख्येवर कमी आणि रॅममधून आकडे किती भराभर येतात यावर जास्त चालतं. आम्ही पंचवटीतच वहीच्या पानावर हिशेब मांडला होता. डीडीआर५-५६००च्या दोन चॅनलच्या डेस्कटॉपला सेकंदाला ८९.६ जीबी. थ्रेडरिपर प्रो ७०००ला आठ चॅनल, ५२००च्या वेगाने ३३२.८. एका एपिक ९००४ला बारा चॅनल, ४८००ने ४६०.८. दोन एपिकना मिळून ९२१.६. कागदावरचे आकडे आहेत, प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळतं, पण प्रमाण साधारण तेच राहतं. त्याला घ्यायचे होते ते चॅनल. कोअर सोबत येतात म्हणून घ्यायचे. हे मनात पक्कं करून न जाता गेलात तर समोरचा तुम्हाला ९६ कोअरची एपिक ९६५४ विकेल, आणि निम्मे कोअर रॅमची वाट बघत बसतील.

उलटी चूकही होते. सर्वांत स्वस्त म्हणून १६ कोअरची ९१२४ सुचवली गेली. तिच्यात कोअरचे चारच तुकडे (आतल्या छोट्या चिपा) आहेत, त्यामुळे बारा चॅनल लावले तरी त्यांतून सगळं ओढून घेता येत नाही. आमचं ठरलं ९३५४ वर: ३२ कोअर, आठ तुकडे, २५६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी. दोन घेतल्या की चौसष्ट कोअर. ओपनफोम फुकट आहे म्हणून हे परवडतं. तुमचं सॉफ्टवेअर कोअर मोजून लायसन्स देणारं असेल तर आधी तो कागद उघडा. बोर्डापेक्षा लायसन्स महाग पडू शकतं.

“आत्ता एक प्रोसेसर घेऊन ठेवतो, दुसरा दिवाळीत” असा विचार असेल तर बोर्डाच्या मॅन्युअलमधली ब्लॉक आकृती आधी बघा. दुसरा सॉकेट रिकामा असला की त्याच्याकडचे बारा रॅम स्लॉट आणि जादा कार्डं लावायचे काही पीसीआयई स्लॉट मेलेले असतात. एकच प्रोसेसर घ्यायचा तर सुपरमायक्रोच्या एच१३एसएसएलसारखा एका सॉकेटचा, बारा स्लॉटचा बोर्ड बरा. तो साध्या एटीएक्स मापाचा आहे, कुठल्याही चांगल्या कॅबिनेटमध्ये बसतो.

कॅबिनेटवरून आठवलं. खाली एका दुकानात काचेचं एक देखणं कॅबिनेट दाखवलं, खोक्यावर ‘ई-एटीएक्स’ (मोठ्या बोर्डाचं माप) छापलेलं. “बैठ जाएगा सर, सब बैठता है.” भाच्याने खिशातून शिंप्याची टेप काढली. ती आमच्या ताईची, तिला विचारून आणलेली. आतली जागा केबलच्या रबरी भोकांपाशीच संपत होती, २८ सेंटिमीटरच्या अलीकडे. दोन सॉकेटचे बोर्ड साधारण १२ बाय १३ इंचाचे, म्हणजे ३३ सेंटिमीटर रुंद, आणि काहींची स्क्रूची भोकंही वेगळ्या जागी असतात. खोक्यावर एसएसआय-ईईबी, म्हणजे दोन सॉकेटच्या बोर्डांचं माप, लिहिलंय का बघा. फँटेक्सचं एन्थू प्रो २ किंवा फ्रॅक्टलचं डिफाइन ७ एक्सएल चालतं. टेप मात्र न्याच. तिच्यामुळे दुकानदार जरा सांभाळून बोलायला लागतो.

रॅमच्या बाबतीत ‘ईसीसी’ (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) या एका शब्दावर विसंबू नका. इथे रजिस्टर्ड, म्हणजे आरडीआयएमएम लागते. डीडीआर५मध्ये तिची खाच साध्या रॅमपेक्षा वेगळ्या जागी आहे, त्यामुळे चुकीची घेतलीत तर ती बसणारच नाही. आणि चोवीसच्या चोवीस पट्ट्या हव्यात, नाहीतर चॅनलसाठी घेतलेला बोर्ड चॅनलविना राहतो. रॅमचा भाव सकाळचा संध्याकाळी नसतो. आमच्या कोटेशनवर ‘आजच्या दिवसापुरता’ असं लिहिलेलं होतं. नुसता बोर्डाचा भाव विचारून घरी आलात तर हिशेबाचा छोटाच भाग हाती लागला असं समजा.

जुन्या सर्व्हरमधून काढलेले एपिकही या रस्त्यावर मिळतात, निम्म्याहून कमी भावात. काही कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये बसलेला प्रोसेसर त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमचा जखडला जातो, दुसऱ्या बोर्डात तो चालूच होत नाही. डोळ्यांना दोन्ही चिपा सारख्याच. चालवून दाखवत असतील तरच घ्या. अठरा टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या बिलावर घेणारेही भेटले. पुढे सॉकेटची टोकं वाकली की वॉरंटीसाठी दाखवायला हातात कागद नसतो.

विजेचंही बोलून ठेवा. ९३५४ची एक चिप २८० वॅटची, दोन म्हणजे ५६०, वर चोवीस पट्ट्या आणि पंखे. अंबडला वीज गेली की आठ तासांची केस गेली, म्हणून यूपीएसचा खर्च त्याच कोटेशनमध्ये धरायला लावला.

संध्याकाळच्या पंचवटीत बसलो तेव्हा भाचा खूश होता. तीन ठिकाणची कोटेशनं होती आणि त्यांतलं एक बऱ्यापैकी स्वस्त. कर्जत-कसाऱ्याची गर्दी कल्याणला ओसरली तसा मी चष्मा लावून ते स्वस्त कोटेशन वाचायला घेतलं. बोर्ड बरोबर. रॅम बरोबर, आरडीआयएमएम, चोवीस. प्रोसेसर: ‘एपिक ९३५४पी, नग २’.

“हा ‘पी’ कसला रे?”

तो आधी गप्प झाला. मग कोटेशन माझ्या हातातून घेऊन दिव्याखाली धरलं. ‘पी’वाली चिप फक्त एका सॉकेटसाठी असते. तिचे कोअर तेवढेच, कॅशही तेवढीच, पण शेजारच्या प्रोसेसरशी ती बोलत नाही. म्हणूनच ती स्वस्त. दोन घेतल्या असत्या तर दोन्ही चांगल्या निघाल्या असत्या, आणि तरी मशीन दोन प्रोसेसरचं झालं नसतं.

त्याने पेनाने ‘पी’भोवती गोल केला, फोटो काढला आणि पाठवला. कसाऱ्याच्या घाटात रेंज गेली. इगतपुरीला उत्तर आलं: “सॉरी सर, टायपिंग मिस्टेक. रिवाइज्ड रेट भेजता हूँ.” नाशिक रोड यायच्या आत नवा रेटही आला. तो तिन्हींत सर्वांत जास्त होता.