तुम्ही विचारलंत म्हणून : ‘मग आयर्नमॅन कधी?’

मी ट्रायथलॉन, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे यांची सलग शर्यत, खेळते असे सोलापुरात कोणाला सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग आयर्नमॅन कधी करणार?’ प्रश्नामागे कौतुकच असते. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीला टेकताना, झुरिचची आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पूर्ण केली आणि तेव्हापासून आपल्याकडे ट्रायथलॉन म्हणजे आयर्नमॅन हे समीकरण पक्के होत गेले. कोणी डॉक्टर किंवा उद्योजक ती पूर्ण करून आले की चौकात अभिनंदनाचा फलकही लागतो. मी खेळते तो प्रकार २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि त्यात १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. स्प्रिंट शर्यतीत तर याच्या निम्मेच. आयर्नमॅनमधले ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर हे आकडे ज्यांना पाठ आहेत, त्यांचा चेहरा माझे आकडे ऐकून थोडा उतरतो.

परंतु या दोन खेळांतला खरा फरक अंतराचा नसून सायकलीवरच्या नियमाचा आहे. आयर्नमॅनमध्ये पुढच्या स्पर्धकापासून ठरावीक अंतर राखावे लागते आणि ते मोडल्यास शिक्षा होते, म्हणजे प्रत्येकाने आपला वारा आपणच कापायचा. आमच्या शर्यतीत पुढच्याच्या चाकामागे राहण्याची, म्हणजे ड्राफ्टिंगची, मुभा असते. घोळक्यात चांगली जागा मिळाली तर त्याच वेगासाठी सुमारे ३० टक्के कमी जोर लावावा लागतो. ‘म्हणजे दुसऱ्याच्या मेहनतीवर जायचे?’ असे एका काकांनी मला अगदी गंभीरपणे विचारले होते. तसे म्हणता येईल, परंतु त्या घोळक्यात पोहोचणे हीच अर्धी शर्यत आहे आणि तिचा निकाल पाण्यात लागतो.

समजा, पहिला गट पाण्याबाहेर पडल्यावर मी तीस सेकंदांनी बाहेर आले. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा गट तेवढ्या वेळात ३३० मीटरहून अधिक पुढे गेलेला असतो. तो गट आळीपाळीने पुढे येऊन वारा कापत असतो, मी मात्र एकटी. त्यामुळे फेरीगणिक तीस सेकंदांचे मिनिट आणि मिनिटाची दोन मिनिटे होत जातात. त्यातच सायकलीवर आघाडीच्या स्पर्धकांनी एक पूर्ण फेरी मागे टाकले, तर शर्यतीतून बाहेर पडावे लागते. मग पाय कितीही ताजे असोत, धावण्याची वेळच येत नाही. आयर्नमॅनमध्ये हळू पोहणाऱ्याला पुढे दिवसभराचा अवधी असतो. तो आम्हाला नसतो.

घोळक्यात शिरल्यावरही निवांतपणा नाही. पुढचे चाक आणि आपले चाक यांत वीतभरही अंतर नसते आणि तरीही चाकाकडे बघायचे नसते. पुढच्याच्या कमरेवर नजर ठेवायची, कारण तो उठून जोर लावणार आहे की थांबणार आहे हे आधी तिथे कळते. वळणापूर्वी मागे राहिले तर वळणानंतर पुन्हा गट गाठण्यासाठी जीव तोडावा लागतो. ४० किलोमीटर अशी उसळी सतत मारून मग १० किलोमीटर धावायचे असते.

सायकलीवर चढणे हासुद्धा सरावाचा विषय आहे. बूट आधीच पेडलला लावलेले, ते सरळ राहावेत म्हणून रबराने बांधलेले. अनवाणी धावत सायकल चढण्यासाठी आखलेल्या रेषेपलीकडे न्यायची आणि मगच उडी मारायची. रेषेआधी बसले किंवा गॉगल ठरलेल्या डब्याबाहेर पडला, तर स्प्रिंटमध्ये दहा आणि ऑलिंपिक अंतराच्या शर्यतीत पंधरा सेकंद शिक्षा म्हणून उभे राहावे लागते. हा सराव मी जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत करते. शेजारच्या आजींनी काही आठवडे बघून शेवटी आईला विचारले, ‘पोरीला अजून सायकलवर बसायला येत नाही होय?’

सोलापुरात उणीव आहे ती सोबतीची. मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, पण पहाटे पाचला बाहेर पडले की निभते. सपाट रस्ते तर भरपूर आहेत, फक्त ऊसतोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपासून जपावे लागते. परंतु होटगी रस्त्यावर एकटीने कितीही जोर लावला तरी घोळक्यात कसे राहावे ते शिकता येत नाही. रविवारी हौशी सायकलस्वारांचा एक गट मोहोळकडे जातो. त्यांना आळीपाळीने पुढे यायला लावून मी माझे काम साधून घेते, आणि तेही बिचारे चहाच्या बोलीवर तयार होतात. पोहण्याच्या बाबतीत तोही उपाय नाही, कारण सुट्टीत तलाव मुलांनी भरलेला असतो आणि माझ्यापेक्षा वेगाने पोहणारे कोणी शेजारच्या पट्ट्यात नसते.

‘लहान गावातून होत नाही का?’ असेही लोक विचारतात, तेव्हा मी ट्रायथलॉनपटू फ्लोरा डफीचे नाव सांगते. टोकियोत तिने बर्म्युडाला पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. त्या बेटाची लोकसंख्या ६५ हजारांच्या आसपास, म्हणजे सोलापूरपुढे काहीच नाही. मात्र ती सरावासाठी अमेरिकेतील बोल्डर आणि दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश इथे राहिली, हा भाग मी कधीच गाळत नाही.

पैशांचेही विचारले जाते. सध्या बक्षिसातून प्रवासाचा खर्चही सुटत नाही. आमच्या पातळीवर धडपड असते ती गुणांची, कारण जागतिक क्रमवारीवर मोठ्या शर्यतीतला प्रवेश ठरतो आणि सुरुवातीच्या तराफ्यावर जागा निवडण्याचा क्रमही तिच्यावरच असतो. वरच्या क्रमांकाचे खेळाडू चांगली जागा आधी घेतात, उरलेल्या कोपऱ्यातून आम्ही पाण्यात उडी मारतो. म्हणून या हंगामात मी सायकलीचे नवे चाक घेण्याचा बेत रद्द केला असून, ते पैसे पुण्यात वेगवान जलतरणपटूंच्या गटाबरोबर तीन महिने राहण्यासाठी बाजूला काढले आहेत.